गार्डच्या डब्याची कापलेली तार

मी एक जुना गार्डचा डबा आहे आणि मला राग आलेला आहे. आत्मवृत्ताची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे. जुनी छत्री, जुना फळा, जुनं घड्याळ, सगळे कसे हळू आवाजात आपली कहाणी सांगतात आणि शेवटी तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात. मलाही तसं सांगता आलं असतं. पण मित्रांनो, माझ्याबाबतीत जे घडलं त्याने दुःख थोडं झालं आणि संताप फार झाला. संताप गिळून गोड बोलण्याची सवय मला माझ्या मालकांनी लावलेली नाही.

खऱ्या गार्डच्या डब्यात माणूस बसतो. माझ्यात फार तर मुंगळा बसेल. मी वीतभर लांबीचा, छोट्या आगगाडीचा शेवटचा डबा. तुम्ही मला खेळणं म्हणाल, पण माझ्या मालकांसमोर तसं म्हणू नका. त्यांच्या लेखी ती मॉडेल रेल्वे आहे आणि तिथे चाक चुकलं तर चुकलंच, खेळण्यातलं आहे म्हणून माफी नाही.

माझ्या मालकांचं नाव नंदकुमार. मूळचे साताऱ्याकडचे, पण सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात, नकाशे काढण्यात गेली. वाशीच्या फळबाजारातून आणलेल्या सफरचंदांची पेटी रिकामी झाली तेव्हा त्यांच्या बायकोने, अरुणाबाईंनी, ती भंगारात द्यायला काढली होती. नंदकुमारांनी ती उचलून घेतली. त्या पेटीच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. दोन्ही बाजूंना खिडक्या, मागे छोटा व्हरांडा, त्याला तारेचा कठडा, आणि शेपटीच्या दिव्यासाठी अरुणाबाईंच्या तुटलेल्या माळेतला एक लाल मणी. चाकं तेवढी विकतची. आजही पावसाळी हवेत माझ्या अंगाला सफरचंदाचा वास येतो असं अरुणाबाई म्हणतात. नंदकुमारांना तो येत नाही, कारण ते तपकीर ओढत.

आता कपलरबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं महाभारत त्यावरूनच घडलं. दोन डबे ज्याने एकमेकांना जोडतात तो कपलर. माझ्या दोन्ही टोकांना पहिल्यांदा जे कपलर बसवले ते जुन्या पद्धतीचे होते. एक आकडा आणि एक कडी. डबे एकमेकांवर हलकेच ढकलले की आकडा कडीत अडकतो आणि झाली जोडणी. सोडवायचं मात्र हाताने. वरून बारीक काडी घालायची, आकडा उचलायचा आणि तो उचललेला असतानाच इंजिन पुढे काढायचं. नंदकुमार हे काम अरुणाबाईंच्या क्रोशाच्या सुईने करत. त्यांचा हात असा स्थिर होता की आकडा उचलल्याचं मला कळायचंसुद्धा नाही. कळायचं ते एकदम मोकळं वाटल्यावर.

गाडी नुसती गोल गोल फिरवण्यात नंदकुमारांना रस नव्हता. ते म्हणत, गोल तर घाण्याचा बैलही फिरतो. त्यांना आवडायचं ते शंटिंग. एक डबा इथे सोडायचा, दुसरा तिथून उचलायचा, मधला काढून शेवटी लावायचा, आणि हे सगळं एकही डबा न पाडता. सीवूड्सच्या त्यांच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, टेबल टेनिसच्या टेबलापलीकडे, अशा वेड्यांचं एक मंडळ आहे. शनिवारी जमतात. तिथल्या मोठ्या पाटांवर नंदकुमारांनी जवळच्याच दिवाळे या कोळ्यांच्या गावाची जेट्टी उभी केली. खऱ्या दिवाळ्यात रेल्वे जात नाही, पण यांच्या दिवाळ्यात जाते. होड्या आहेत, मासळी घेऊन बसलेल्या बायका आहेत, आणि मेथीच्या काड्यांचे बोंबील अरुणाबाईंनी स्वतः वाळत घातलेले आहेत. त्या जेट्टीवर मासळीच्या उघड्या वाघिणी नेऊन सोडणं आणि भरलेल्या परत आणणं, हे आमचं काम. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा, घाबरू नका. लोक खुर्च्या ओढून बघायला बसत. नवे सभासद नंदकुमारांच्या हाताकडे बघून शिकत. मलाही लोक उचलून न्याहाळत आणि म्हणत, असा डबा बाजारात मिळायचा नाही. ते दिवस बरे होते. त्याबद्दल याहून जास्त सांगत नाही, कारण त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं.

मग नंदकुमारांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, हात आला नाही. जीभही जड झाली. वाक्य सुरू करायचे आणि मधेच एखादा शब्द सापडेना म्हणून थांबायचे. समोरच्याला वाटायचं बोलणं संपलं, आणि तो पुढे निघायचा.

बऱ्याच महिन्यांनी ते पुन्हा क्लबहाउसमध्ये आले. डाव्या हाताने गाडीचा वेग कमीजास्त करणं त्यांना जमत होतं. पण एका हाताने गाडी चालवायची तर आकडा कुठल्या हाताने उचलायचा? त्यांनी गाडी थांबवून डाव्या हातात क्रोशाची सुई घेतली. सुई थरथरली, माझ्या कठड्यात अडकली, आणि मी दोन वाघिणींसकट खाडीत पडलो. खाडी रंगाची होती म्हणून बुडलो नाही. कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. सगळे एकदम गोड झाले. काका, असू द्या, आम्ही करतो की. काका, तुम्ही बसा, चहा घ्या. त्या दिवसापासून नंदकुमारांना एक खुर्ची मिळाली. ते आले की ती पुढे सरकवली जायची आणि त्यांच्या हातात कप दिला जायचा. आणि त्यांनी बांधलेल्या जेट्टीवर दुसरेच लोक गाडी नेऊ लागले.

मित्रांनो, मला त्या खुर्चीचा पहिला राग आला. खुर्चीचा काय दोष म्हणा, पण कोणावर तरी काढायचा होता.

यातून वाट काढली ती फजलने. फजल उरणकडचा, द्रोणागिरीच्या एका गोदामात शिफ्ट बघतो, जमेल त्या शनिवारी मंडळात येतो. तो एकदा खुर्चीशेजारी जमिनीवरच बसला आणि नंदकुमारांचं एक वाक्य पुरं होईपर्यंत थांबला. वाक्य एवढंच होतं, की मला शंटिंग करायचं आहे. फजलने थोडा विचार केला आणि म्हणाला की काका, मग आकडेच बदलू.

त्याने सांगितला तो कपलर मुठीचा. अर्धवट मिटलेल्या दोन मुठी एकमेकींत बोटं अडकवतात, तशी त्याची जोडणी. गंमत पुढे आहे. प्रत्येक मुठीखाली पोलादाची एक बारीक वाकडी तार लोंबते. रुळांच्या मधे, पाटाखाली, एक लोहचुंबक बसवायचा. दोन डब्यांची जोडणी बरोबर त्याच्यावर आणून थांबवायची आणि गाडी किंचित मागे घेऊन ताण सैल करायचा. चुंबक दोन्ही तारा बाजूंना ओढतो, मुठी उघडतात, आणि इंजिन पुढे निघून जातं. काडी नको, सुई नको, उजवा हात नको. मी नंदकुमारांचा चेहरा त्या वेळी पाहिला. झटक्यानंतर तो चेहरा अर्धाच हलायचा, पण तेवढ्या अर्ध्यातही मावेना इतका आनंद त्यांना झाला होता.

मग निवड सुरू झाली. तुम्हाला वाटेल कपलर म्हणजे काय, आणला आणि लावला. तसं नसतं. मूठ रुळापासून नेमक्या उंचीवर पाहिजे, नाहीतर चढावर एक मूठ दुसरीच्या खालून निसटते. मान आखूड की लांब, हेही पाहावं लागतं. आखूड मानेने डबे जवळजवळ दिसतात आणि छान दिसतात, पण दिवाळ्याचं वळण तीव्र आहे आणि माझा व्हरांडा चाकांच्या बराच पुढे जातो. आखूड मान लावली असती तर वळणावर शेजारच्या वाघिणीने मला ओढून रुळाबाहेर काढलं असतं. म्हणून माझ्यासाठी लांब मान ठरली. नंदकुमार बोट दाखवत, फजल मोजत असे. माझी सफरचंदाची लाकडी तळफळी जरा उंच निघाली म्हणून कपलर ज्यात बसतो त्या डबीच्या वर पातळ पट्टी देऊन ती खाली आणायचं ठरलं. जेट्टीच्या रुळांत चुंबक बसवण्याची जागा नंदकुमारांनी स्वतः डाव्या हाताने खूण करून दिली. ती रेघ वाकडी आली, पण जागा अचूक होती.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग त्यात मंडळ पडलं.

मंडळाचा सेक्रेटरी दिपेश. मुलगा वाईट नाही, हे मी दात ओठ खात का होईना, पण कबूल करतो. आयटीत नोकरी, सगळं वेळेवर, सगळं टापटीप. त्याचं म्हणणं पडलं की एकट्या काकांचेच डबे का, सगळेच बदलू. गणपतीत सोसायटीतली झाडून सगळी मंडळी आपली गाडी बघायला येतात, तेव्हा सगळी गाडी एकसारखी दिसली पाहिजे. मीटिंग झाली, हात वर झाले, ठराव एकमताने मंजूर. नंदकुमारांनीही डावा हात वर केला. त्यांना वाटलं, हे सगळे माझ्यासाठी करतायत. घरी जाऊन त्यांनी अरुणाबाईंना ते सांगितलं आणि सांगता सांगता दोनदा शब्द विसरले, तरी चिडले नाहीत.

दिपेशने सगळे डबे खोक्यात भरून घरी नेले आणि सुट्टीच्या दिवशी दोघातिघांना घेऊन कपलर बसवले. काम चोख केलं. उंची बरोबर, स्क्रू घट्ट, माझ्या डबीवरची पट्टीसुद्धा विसरला नाही. मी मनात म्हटलं, चला, शहाणा आहे. मग त्याने फोटो काढायला आम्हाला एका ओळीत उभं केलं, मोबाईल खाली धरला आणि नाक मुरडलं. तारा दिसत होत्या. प्रत्येक डब्याखाली लोंबणाऱ्या त्या वाकड्या तारा खऱ्या रेल्वेला नसतात. शिवाय क्लबहाउसच्या पाटावरच्या रेल्वे फाटकाच्या फळीला एकदोन तारा घासल्याही असत्या. वर वाकवल्या असत्या तर भागलं असतं. पण त्याने फोटो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, हे लोंबणारं काढून टाकू का, लूक खराब होतोय.

अंगठे आले, मित्रांनो. एकामागून एक अंगठे. एकाने तर दोन अंगठे दिले, जणू ठरावाला अनुमोदनही तोच देतोय. नंदकुमार त्या ग्रुपवर होते, पण झटक्यानंतर त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. फजल शिफ्टवर होता. त्याने मेसेज पाहिला आणि "थांबा" असं लिहिलं, तोवर दिपेशच्या हातात कटर आलेला होता. सोसायटीत पाण्याची टाकी धुवायची असो की लिफ्ट बदलायची असो, यांचं सगळं असंच ठरतं. बहुमताने. ज्याच्या घरात पाणी येत नाही तो त्या वेळी पाणी भरायला गेलेला असतो.

कट. कट. कट. माझ्या दोन्ही टोकांच्या तारा फरशीवर पडल्या. मला दुखलं नाही. लाकडाला आणि पोलादाला दुखत नाही. पण ती तार कशासाठी होती ते मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं.

गणपतीत क्लबहाउस गच्च भरलं. नंदकुमार इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. अरुणाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी आपल्या दोन मैत्रिणींनाही आवर्जून आणलं होतं. दिपेशने माईक घेऊन सांगितलं की आता आपले नंदकुमारकाका बऱ्याच दिवसांनी शंटिंग करून दाखवतील. नंदकुमारांनी खुर्ची बाजूला सारली आणि उभे राहिले.

काय सुंदर आणली त्यांनी गाडी. जेट्टीवर शिरताना धक्का नाही, झटका नाही. माझी आणि माझ्यापुढच्या वाघिणीची जोडणी नेमकी चुंबकावर आणून थांबवली. गाडी केसभर मागे घेतली. ताण सैल झाला. मग इंजिन पुढे काढलं, आणि मी मागोमाग गेलो.

त्यांनी परत आणून थांबवलं. मी परत मागोमाग गेलो. तिसऱ्या वेळीही तेच झालं. त्यांना वाटत होतं आपलं चुकतंय. तो डावा हात आपल्याला दगा देतोय असं त्यांना वाटत होतं, आणि मी तिथे मुठी आवळून बसलो होतो, कारण उघडायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. आयुष्यात मी एवढा कधी जळलो नव्हतो.

तेवढ्यात दिपेश पुढे आला. "काका, टेन्शन नका घेऊ, मी सोडवतो ना," असं म्हणून त्याने दोन मुठींच्या मधे काडी घालून फिरवली. मी सुटलो. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, कौतुकाने वाजवल्या. त्या टाळ्या मी जन्मात विसरणार नाही.

नंदकुमारांनी मला उचललं आणि उलटं केलं. खालचे तोडलेले खुंट त्यांनी अंगठ्याने चाचपले. त्यांनी तार कुठे गेली असं विचारलं. दिपेशने सांगितलं की काढल्या, लोंबत होत्या, फोटोत वाईट दिसत होत्या.

"मला... इचारलं का कुणी?" नंदकुमार म्हणाले.

"ग्रुपवर टाकलं होतं की, काका. सगळ्यांनी ओके दिलं."

नंदकुमारांचं तोंड उघडं राहिलं. शब्द सापडत नव्हता. दिपेशला वाटलं बोलणं संपलं, आणि तो वळायला लागला. तेव्हा अरुणाबाई बोलल्या. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"थांब दिपेश. ती तार म्हणजे यांचा उजवा हात होता. तो तू कापलास आणि वर टाळ्या घेतल्यास."

माईक चालू होता. कोणीतरी तो घाईने बंद केला. अरुणाबाईंनी मला आणि आमच्या वाघिणींना पदराखाली घेतलं आणि दोघं घरी गेले.

फजल दुसऱ्याच दिवशी नवे कपलर घेऊन आला, तारेसकट. पुन्हा लांब मानेचेच. ते बसवले अरुणाबाईंनी, जेवणाच्या टेबलावर, नंदकुमारांच्या सांगण्यावरून. त्यांची त्या दिवशी जी भांडणं झाली ती मी सांगत नाही. नंदकुमार म्हणायचे डावीकडे, आणि बोट उजवीकडे दाखवायचे. स्क्रू दोनदा फरशीवर घरंगळला. शेवटी अरुणाबाई म्हणाल्या की हात माझे आहेत, तेव्हा जरा धीर धरा. पहिली तार फार खाली आली आणि रुळांच्या सांध्यात अडकू लागली. मग त्यांनी चिमट्याने ती अलगद वर वाकवली आणि रूळ व तार यांच्यामधून जुनं पोस्टकार्ड सरकवून पाहिलं. सरकलं. बाजारातला कारागीरही याहून नीट करता ना.

इकडे ग्रुपवर दिपेशची माफी आली. सॉरी काका, आणि खाली जोडलेले हात. त्याखाली पुन्हा अंगठे. बाकीच्या डब्यांच्या तारांचं काय करायचं, तो विषय पुढच्या मीटिंगला घेऊ असं ठरलं. अजून ती मीटिंग व्हायची आहे.

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो. खुर्ची पुढे आली, चहा आला. नंदकुमारांनी दोन्हीकडे पाहिलं नाही. त्यांनी मला, पुढे वाघिणींना आणि सगळ्यांच्या पुढे इंजिनाला दिवाळ्याच्या रुळावर ठेवलं आणि निघाले. जेट्टीवर गाडी थांबली तसा दिपेश सवयीने काडी घेऊन पुढे सरसावला. मदतच करायला, वाईट मनात काही नाही. नंदकुमारांनी आपला उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि दिपेशच्या मनगटावर ठेवला. त्या हातात जोर नव्हता. तो नुसता तिथे पडून राहिला. पण दिपेश थांबला.

मग नंदकुमारांनी डाव्या हाताने गाडी केसभर मागे घेतली. माझी तार बाजूला ओढली गेली, मूठ उघडली, आणि इंजिन वाघिणी घेऊन पुढे निघून गेलं. मी जेट्टीवर एकटा उभा राहिलो. टाळ्या वाजवायची कोणाची हिंमत झाली नाही. नंदकुमारांनी इंजिन परत आणलं, मला जोडलं, पुन्हा सोडलं. पुन्हा जोडलं, पुन्हा सोडलं. असं किती वेळ केलं कोण जाणे. चहावर साय धरली.

माझा राग गेला का असं तुम्ही विचाराल. गेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. ज्यांनी खुर्ची दिली, कप दिला आणि टाळ्या दिल्या ते सगळे चांगले लोक होते. म्हणून तर राग जात नाही. मित्रांनो, तुम्हीही चांगली मुलं आहात, तुम्हालाही कुणाला तरी मदत करावीशी वाटेल. जरूर करा. पण कटर उचलण्याआधी, काडी घालण्याआधी, त्या माणसाच्या शेजारी बसा आणि तुम्हाला काय लागतं असं त्यालाच विचारा. त्याची जीभ जड असेल. मधेच एखादा शब्द सापडणार नाही. तेव्हा उठून जाऊ नका. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबा.